जावयासाठी फोन निवडताना

आमच्या नात्यात आणि ऑफिसात कुणालाही नवा फोन घ्यायचा झाला की आधी मला विचारायची पद्धत आहे. मी सरकारी कार्यालयातला साधा कारकून, पण या एका बाबतीत साहेबसुद्धा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहतात. वर्षभरात बाजारात काय काय आलं, त्यातलं कुठलं नुसतंच चकाचक आहे आणि कुठलं खरंच टिकेल, हे मी एका दोनशेपानी वहीत लिहून ठेवतो. त्यातल्या एका फोनच्या नावाभोवती लाल पेनानं चौकोन काढतो. तो माझ्या मते त्या वर्षीचा सर्वांत चांगला फोन. इंटरनेटवरची पोरं काय म्हणतात ते ऐकतो, पण चौकोन माझा मी काढतो.

माझी परीक्षा सोपी आहे. फोन म्हणजे आधी बोलायची वस्तू. फोटो, गाणी, पिक्चर हे सगळं नंतर. औरंगपुऱ्यात एका ओळखीच्या दुकानात गेलो की हातातल्या फोनात माझं सिमकार्ड घालतो, दुकानामागच्या जिन्याखाली रेंज धड येत नाही तिथं जाऊन उभा राहतो आणि गारखेड्याला घरी बायकोला फोन लावतो. "काय स्वयंपाक केला?" एवढंच विचारतो. तिची भाजी, आमटी, कोशिंबीर शेवटच्या शब्दापर्यंत नीट ऐकू आली तर फोन पास. एकेका दिवशी पाच-सहा फोन तपासायचे असले की बायको वैतागते. "अहो, सकाळपासून चार वेळा वांगं सांगितलं, आता काय बदलणारे का ते?" म्हणते आणि फोन आपटते. आपटल्याचा आवाजही कसा येतो ते मी लक्षात ठेवतो.

आम्हाला एकच मुलगी. अकरावीत गेली तेव्हा तिला मी पहिला फोन घेऊन दिला, त्यानंतर आणखी तीन. तिच्या मैत्रिणी आपापसात कॅमेऱ्यावरून भांडायच्या, आणि ही शांतपणे सांगायची, "माझा बाबांनी निवडलाय." एवढ्यावर विषय संपायचा. हे वाक्य मी दाराआडून दोन-तीनदा ऐकलेलं आहे. मुद्दाम ऐकलेलं आहे, हेही सांगून टाकतो.

दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं. ती करमाडला गेली, तिथल्या एका शाळेत शिकवायला लागली. जावई शेंद्र्याच्या एका कंपनीत आहेत. घरची शेती आहे, गावाच्या कडेला घर आहे, आईवडील सोबत राहतात. माणूस उंच, सावळा, कमी बोलणारा. नावं ठेवायला काही नाही, आणि तिथंच माझी पंचाईत होती.

मला जावयाचा हेवा वाटायचा. मत्सर म्हणा, जळफळाट म्हणा, काय ते म्हणा. पोरगी सासरी गेली म्हणून वाईट वाटणं वेगळं, ते चारचौघांत सांगता येतं. हे तसं नव्हतं. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला ती आली तेव्हा तिच्या कानात नवीन इअरबड होते. मी विचारलं, "हे कुठले?" तर म्हणाली, "ह्यांनी आणले." मॉडेल कुठलं, आवाज कसा, चार्जिंग किती टिकतं, तिला काही ठाऊक नव्हतं. तिनं विचारलंच नव्हतं. मला न विचारता माझ्या मुलीच्या कानात एक वस्तू गेली होती, आणि ती त्यावर खूश होती. त्या दिवशी मला चकली गोड लागेना की करंजी.

मग एकेक सुरू झालं. फ्रिज कुठला घ्यायचा, हे म्हणतात तो. गाडीला टायर कुठले, हे म्हणतात ते. मी फोनवर "हं, हं" करायचो आणि फोन ठेवला की बायकोवर चिडायचो. बायको म्हणायची, "नवऱ्याचं नाय ऐकायचं तर कुणाचं ऐकायचं? मी नाय का तुमचं ऐकत?" ती माझं काय ऐकते हा निराळा विषय आहे.

सगळ्यात जास्त झोंबलं ते संक्रांतीला. जावई जेवायला आले होते. माझा फोन सारखा वाजत होता, कर्ज देतो, प्लॉट घ्या, असले फोन. चौथ्या वेळी वाजला तेव्हा ते हळूच म्हणाले, "मामा, एक मिनिट देता का?" मी दिला. नाही कसा म्हणणार? त्यांनी दोन-तीन ठिकाणी बोट फिरवलं, अक्षरं जरा मोठी केली आणि फोन परत माझ्या हातात ठेवला. ते फोन यायचे बंद झाले ते झालेच. बायको कौतुकानं बघत म्हणाली, "बघा, तुम्हाला वर्षभर जमलं नाय." माझ्या फोनमधली अक्षरं मोठी केली म्हणजे मला चष्मा लागतो हे त्यांनी पाहिलं होतं. मी ती अक्षरं दुसऱ्याच दिवशी परत बारीक केली आणि दोन महिने डोळे ताणून वाचत राहिलो.

यंदा ज्येष्ठ अधिक आला. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला घरी बोलवायचं, लेक-जावयाला पाटावर बसवून ओवाळायचं, पुरणाचे धोंडे तुपाबरोबर वाढायचे, तेहतीस अनारसे आणि एखादी भेटवस्तू द्यायची. लग्नानंतरचा पहिलाच अधिक, त्यामुळं बायको महिनाभर आधीपासून कामाला लागली होती. एके दिवशी सकाळी चहा देता देता ती म्हणाली, "अंगठी सगळेच देतात. आपण त्यांना फोन देऊ. त्यांचा किती जुना झालाय, काच तडकलीय. तुम्ही ठरवा. पण वर्षातला एक नंबरचा पाहिजे हां."

मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. ज्या माणसानं माझ्या मुलीच्या तोंडचं "बाबांनी निवडलंय" हे वाक्य पुसून टाकलं, त्याच्यासाठी मी महिनाभर खपून सर्वांत उत्तम फोन शोधायचा. आणि मी तो शोधायला लागलो, कारण तेवढं एकच काम मला चांगलं येतं.

शेवटी दोन फोन राहिले. पहिला दिसायला अगदी मास्तरासारखा, जाडसर, काळा, कुणी वळून बघणार नाही असा. जिन्याखाली नेला तर बायकोचं वांगं तर ऐकू आलंच, मागं कुकरची शिट्टीही आली. दुसरा सडपातळ, मागून निळसर चमकणारा. त्याच्या कॅमेऱ्याचं सगळीकडं कौतुक चाललं होतं, इंटरनेटवरच्या निम्म्या याद्यांत तोच पहिला होता. जिन्याखाली त्याला रेंजची एक कांडी उरली आणि बायकोचं बोलणं तुटायला लागलं. "वां... रस्सा... दे..." मी तीनदा लावून बघितला, तिन्ही वेळा तेच. माझ्या ऑफिसातल्या एकानं तोच घेतला होता, त्याचीही हीच तक्रार होती. रेंज भरपूर असेल तिथं झकास, कमी असेल तिथं बिनकामाचा.

वहीत पहिल्याभोवती लाल चौकोन काढून झाला होता. तो चौकोन काढताना मला ठाऊक होतं की करमाडच्या त्यांच्या घरात रेंज दोन कांड्यांच्या वर जात नाही. गेल्या वर्षी तिथं जेवायला गेलो तेव्हा मी स्वतः बघितलं होतं, अंगणात, ओसरीवर, गच्चीवर फिरून.

मी दुसरा घेतला.

मुद्दाम घेतला. कुणी विचारलंच तर दाखवायला निम्म्या याद्या माझ्या बाजूनं होत्या, कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. मनात साधा विचार होता. जावयाचे फोन तुटत राहतील, ते जरा वैतागतील, त्यांना कळेल की सगळंच आपल्या बोटानं दुरुस्त होत नाही. मुलीशी बोलायचं मला काही अडणार नव्हतं. तिच्याकडं तिचा फोन होताच, मी निवडलेला, खणखणीत.

दुकानदार माझ्याच वयाचा, वीस वर्षांच्या ओळखीचा. त्यानं खोकं हातात धरून माझ्याकडं बघितलं. "भाई, आप तो हमेशा पैले आवाज देखते. इसकी आवाज तो तुमीच बोले ना, तूट रई करके?"

"गिफ्ट आहे," मी म्हणालो.

"किसके वास्ते?"

"जावयासाठी."

"जमाई के वास्ते ये लेरे?" त्यानं चकचकीत कागदात खोकं बांधून दिलं, वर सोनेरी फित लावली. ती फित बघून मला बरं वाटलं, हे लिहायला आज लाज वाटते, पण बरं वाटलं होतं.

धोंड्याचा दिवस चांगला झाला. उकाडा मरणाचा होता, कूलरसमोर पाट मांडले होते. बायकोनं दोघांना ओवाळलं, अनारशांच्या ताटात खोकं ठेवून जावयाच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडलं, फोन उलटासुलटा करून बघितला आणि क्षणभर माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "लई भारी आहे मामा. एवढा कशाला घेतला?"

मी काही म्हणायच्या आत मुलगीच बोलली. "मी म्हणलं नव्हतं का तुम्हाला? फोन कुठला पाहिजे ते सांगायचंच नाय. बाबा निवडतील तोच बेस्ट." मग माझ्याकडं वळून हसत म्हणाली, "ह्यांना दुसराच एक घ्यायचा होता, काळा, जाडा. मीच घेऊ दिला नाय. बाबांना विचारल्याशिवाय आपल्याकडं फोन घेत नाय म्हणलं."

माझ्या ताटात धोंडा होता, तुपात बुडलेला. मी तो खाल्ला. चव कशी होती ते आठवत नाही. पोरीनं दोन वर्षांत "हे म्हणतात" हजार वेळा म्हटलं असेल, पण फोनच्या बाबतीत तिनं माझी जागा कुणालाही दिलेली नव्हती, आणि मला ते ठाऊकच नव्हतं. तरीसुद्धा मी गप्प बसलो. वाटलं, त्रास त्यांनाच होणार आहे, चार दिवसांनी बघू.

चार दिवसांनी संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, मी न... फो... वरून बो..." पुढं काही नाही. मी परत लावला. "ह्यांनी... मला दि... कंपनीत कॅमे..." तिसऱ्या वेळी तुटत तुटत सगळं कळलं. जावयांच्या कंपनीत कॅमेऱ्याचा फोन आत नेऊ देत नाहीत. गेटवर जमा करावा लागतो. दिवसभर ते बटणांचा साधा फोन वापरतात. म्हणून नवा फोन त्यांनी हिला देऊन टाकला होता, तुझ्या बाबांनी निवडलाय तर तूच वापर म्हणून. हिचा जुना बिनसिमचा सासूबाईंकडं गेला होता, त्यांनी त्यात भजनं भरूनही घेतली होती.

दोन वर्षं तो माणूस आमच्या घरात जेवत होता आणि मी एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही नक्की काय काम करता, दिवस कसा जातो. हेवा करायला वेळ होता, एक प्रश्न विचारायला नव्हता.

त्यानंतरचे तीन आठवडे माझे मलाच माहीत. ती रोज साडेसातला फोन करायची आणि रोज तिचं बोलणं अर्धंमुर्धं यायचं. कुणाशी भांडण झालं की कुणाला बरं नाही, हसते की रडते, काही कळायचं नाही. शेवटी ती म्हणायची, "जाऊ द्या बाबा, टॉवरचा प्रॉब्लेम आहे," आणि ठेवून द्यायची. एकदाही फोनला बोल लावला नाही. मी खिडकीत जाऊन उभा राहायचो, गच्चीवर जायचो, जणू माझ्याकडून काही सुधारणार होतं.

एका शुक्रवारी ती नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलत होती. "बाबा, पै... तुम्हालाच सांग... शाळे... झाले..." आणि खरखर. तीनदा लावला, तीनदा तुटला. अर्ध्या तासानं बायको स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. डोळे भरलेले. "अहो, पोरगी शाळेत पर्मनंट झाली! जावयांचा फोन आला होता आत्ता, त्यांच्या त्या साध्या फोनवरून. म्हणाले, मामांना कधीची सांगायला बघतेय, लागेना, तुम्ही तरी सांगा."

सबंध घरात तिला ही बातमी आधी मला सांगायची होती. ती मला जावयाकडून कळली, तीही बायकोच्या तोंडून.

रविवारी सकाळी मी माझा स्वतःचा फोन साफ पुसला, त्यातलं सगळं काढून घेतलं, पेढ्याचा पुडा घेतला आणि स्कूटरवर जालना रोडनं करमाडला निघालो. बायकोला म्हणालो, पेढे देऊन येतो. रस्ताभर बोलायची वाक्यं जुळवत होतो. हे मॉडेलच फसवं निघालं. कंपनीनं खराब माल पाठवला. माझ्या वेळी नीट वाजत होता. वाक्यं चांगली होती.

मुलगी सासूबाईंबरोबर देवळात गेली होती. जावई गोठ्यापुढं बसून कडबा कापायच्या यंत्राचं पातं घासत होते. मला बघून उठले, बाज झटकून दिली, आतून पाण्याचा तांब्या आणला. मी पाणी प्यालो आणि म्हणालो, "तो फोन बदलून द्यायला आलोय. हा माझा घ्या, हा बरा आहे. तो... आवाज तुटतो त्याचा."

"ठाऊक आहे मामा," ते म्हणाले. "पहिल्या दिवशीच कळलं. ओसरीवरून कंपनीतल्या एकाला फोन लावून बघितला ना."

"मग बोलला का नाहीत?"

ते पातं फडक्यानं पुसायला लागले. "काय बोलायचं? ती म्हणते, बाबांचा आजपर्यंत एक फोन चुकला नाय. शाळेतल्या बायांना पण तेच सांगत असते. मी म्हणलं टॉवर खराब आहे. तिला ते पटलं. चुकतं की माणसाचं एखाद्या वेळेस, एवढे मॉडेल येतात."

इथं मला गप्प बसता आलं असतं. त्यांनी वाटही करून दिली होती. पण त्यांचं ते "चुकतं की" मला सहन झालं नाही. माझी चूक त्यांनी पोटात घालावी, आणि ती चूक नव्हतीच.

"चुकलं नाही," मी म्हणालो. "तुमचा तो काळाच चांगला होता. मला माहीत होतं. हा मुद्दाम घेतला."

त्यांनी पातं खाली ठेवलं. गोठ्यातली म्हैस शेपटीनं माशा हाकत होती. ते माझ्याकडं वळले. राग आला असेल तर तो दिसला नाही, आणि का म्हणून विचारलंही नाही. मला वाटतं त्यांना का ते कळलं होतं, कदाचित संक्रांतीपासूनच.

"मामा," ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा जरा कडक होता. "हे मला सांगितलं ते ठीक. तिला नाय सांगायचं. कधीच नाय. लई लागंल तिला."

जावई सासऱ्याला दटावत होते. लग्नानंतर पहिल्यांदाच. मी मान डोलावली.

तेवढ्यात फाटकातून मुलगी आली, मला बघून पायातली चप्पल अर्धी काढून तशीच धावत आली. मी तोंड उघडायच्या आत तेच तिला म्हणाले, "टॉवरचं काही खरं नाय आता. मामांनी त्यांचा फोन आणलाय तुझ्यासाठी, तो जुन्या बनावटीचा आहे, इथं चालंल म्हणतेत. तुझा ते शहरात वापरतील."

"बघा!" ती त्यांना म्हणाली. "मी काय म्हणलं होतं? बाबा काहीतरी करतीलच म्हणलं होतं की नाय?" आणि मला घट्ट मिठी मारली.

तिच्या खांद्यावरून मला ते दिसत होते. खाली बसून पुन्हा पातं घासायला लागले होते, मान खाली घालून, जणू या सगळ्यात त्यांचा काहीच भाग नव्हता. दोन वर्षं मी त्यांचा हेवा केला तो इअरबडसाठी, टायरसाठी, फ्रिजसाठी. त्या सकाळी मुलगी माझ्या गळ्यात होती, सगळं श्रेय माझ्या पदरात पडलं होतं, आणि मला त्यांचा जितका हेवा वाटला तितका आधी कधीच वाटला नव्हता. तिच्या मनातला तिचा बाप मीच मोडायला निघालो होतो, आणि तो त्यांनी सांभाळून ठेवला होता.